पाण्याचा प्रश्न

'स्मृतिचित्रे' वाचायला घेतलीत, तर बाप्तिस्म्याच्या प्रसंगाची वाट पाहू नका. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई १९०० साली. मला खरं पुस्तक सापडलं ते या मधल्या पाच वर्षांत. नवऱ्यावरचा राग, ताटातूट, सोवळंओवळं, बाई काहीच लपवत नाहीत. उलट स्वतःलाच हसतात. कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, या प्रश्नाशी झगडता झगडता त्यांची श्रद्धा पिकत जाते. टिळकांनी उडी घेतली, बाई पायरी पायरीनं चढल्या. मला बाईंची वाट जास्त पटते. (इथे तिघांच्या भाड्याच्या घरात फ्रीजमधला 'माझा' कप्पा मी अजून वेगळा ठेवतो. शेजारच्या कप्प्यात मांस असतं म्हणून. डॉक्टरेट झाली, तरी!)