यंत्राचे आयुष्य कोणी ठरवावे ?

मनुष्याच्या मरणाची घटका कोणास आगाऊ सांगता येत नाही. परंतु हल्ली यंत्राच्या मरणाची घटका ते घडविणारा कारखानदार स्वतःच ठरवितो आणि एका लहानशा परिपत्रकाने ती जगास कळवितो. मौज ही की, ज्या यंत्राविषयी हे परिपत्रक निघते ते पुष्कळदा चांगले धडधाकट असते. काल ते छायाचित्रे काढीत होते, आज काढीत आहे आणि उद्याही काढील. फक्त त्याचा एखादा भाग झिजला किंवा मोडला तर तो बदलून देण्याची जबाबदारी यापुढे आपली नाही, एवढेच कारखानदारास सांगावयाचे असते. लाख-दीड लाख रुपये मोजून ज्याने कॅमेरा घेतला त्याच्या हाती मात्र, त्या दिवसापासून, एक जिवंत परंतु अनाथ यंत्र उरते. प्रस्तुत लेखात या प्रथेचे परीक्षण करण्याचा विचार आहे.

प्रथम या परिपत्रकांची भाषा पाहावी. कोणत्याही लेखनाची परीक्षा करताना कर्ता कोण आणि क्रिया कोणती हे आपण विचारतो. येथे कर्ताच सापडत नाही. भाग ‘उपलब्ध नाहीत’, सेवा ‘समाप्त झाली आहे’, यंत्राचे ‘आयुष्य पूर्ण झाले आहे’, अशी ही भाषा असते. जणू पाऊस थांबावा किंवा ओढा आटावा त्याप्रमाणे सुटे भाग आपोआप आटले ! वस्तुतः भाग आटत नाहीत. ते करणे कोणीतरी थांबवितो, आणि शिल्लक किती ठेवावयाची याचा हिशेबही कोणीतरी करितो. ‘आम्ही थांबविले’ असे म्हटले की ‘का थांबविले ?’ हा प्रश्न उपस्थित होतो. ‘आयुष्य पूर्ण झाले’ असे म्हटले की पुढे फक्त शोक उरतो. कर्त्याला पडद्याआड उभे करणारी ही वाक्यरचना निष्पाप नाही. तिच्यात या सर्व प्रकरणाचे बीज आहे.

कॅमेऱ्याच्या बाबतीत परावलंबन हे आपणांस नवे नाही. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी परदेशाहून चलच्चित्रणाचा कॅमेरा मागविला आणि १८९९ साली मुंबईत हँगिंग गार्डन येथील कुस्ती चित्रित केली. परंतु ती फिल्म धुण्याकरिता त्यांना लंडनला पाठवावी लागली. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. त्यांनी नुसते यंत्र आणले नाही, तर ते चालविण्याची व फिल्म धुण्याची सर्व विद्याही पदरात पाडून आणली. १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची फिल्म दादरच्या घरीच धुतली गेली. यंत्राचा धनी आणि यंत्राचा केवळ ग्राहक यांच्यातील अंतर या दोन उदाहरणांत स्पष्ट दिसते.

त्याच्याही पुढचे पाऊल कोल्हापुरात पडले. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री या आते-मामेभावांनी, ज्यांना महाराष्ट्र ‘पेंटर’ या नावाने ओळखतो, स्वतःच कॅमेरा घडविण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव निवर्तले. तरी बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साह्याने ते काम तडीस नेले, आणि त्या देशी कॅमेऱ्यावर काढलेली ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात झळकली. या घटनेचे कौतुक आपण नेहमी देशाभिमानाच्या अंगाने करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यातील एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. कोल्हापूरच्या दोन कारागिरांस कॅमेरा घडविता आला, कारण कॅमेरा ही त्या काळी उघडून पाहता येण्याजोगी वस्तू होती. तिच्यातील चक्रे, दाते, झडप आणि भिंग ही सर्व डोळ्यांस दिसत; आणि जे दिसते ते कुशल हातास करता येते. त्यांच्या प्रतिभेस यंत्राने दार उघडे ठेवले होते. आज त्याच तोडीचा कोणी बाबूराव जन्मास आला तरी त्याला ते दार बंद आढळेल.

हे दार कसे बंद झाले याचे बोलके उदाहरण जर्मनीतील लायका कंपनीच्याच दोन कॅमेऱ्यांत मिळते. तिचा एम-३ हा कॅमेरा १९५४ सालचा. तो सर्वस्वी यांत्रिक असल्यामुळे जाणता कारागीर त्यास आजही खोलतो, साफ करितो, आणि तो पुन्हा चालू लागतो. त्याच घराण्यातील एम-९ हा कॅमेरा २००९ साली सुमारे सात हजार डॉलरला विकला जाऊ लागला. त्याच्या प्रकाशग्राही पटलावरील काचेस गंज चढण्याचा दोष पुढे निघाला. कंपनीने काही वर्षे पटले बदलून दिली हे तिच्या पक्षी नमूद केले पाहिजे. परंतु २०२० साली बदली पटलेच संपली. म्हणजे पंचावन्न वर्षांनी वडील असलेला कॅमेरा कारागिराच्या हाती चालत राहिला, आणि धाकट्यास अकराव्या वर्षी औषध मिळेनासे झाले. प्रगती झाली हे खरे. पण यंत्र जितके चतुर झाले तितके ते परस्वाधीनही झाले, हेही तितकेच खरे.

कारखानदारांची बाजू ऐकून न घेता निकाल देणे न्यायाचे होणार नाही. प्रकाशग्राही पटल किंवा त्यामागची विद्युन्मंडले ही लोहाराच्या भात्यावर होणारी कामे नव्हेत. त्यांसाठी लागणारी यंत्रसामग्री एका पिढीच्या मालासाठी उभी राहते आणि पुढील पिढीसाठी मोडली जाते; थोड्याशा जुन्या कॅमेऱ्यांकरिता ती चालू ठेवणे परवडत नाही. शिवाय धंदाच आक्रसला आहे. जपानी कारखानदारांच्या संघाच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली जगभर बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे रवाना झाले. २०२३ साली ती संख्या ऐंशी लाखांच्या आत आली. खिशातील टेलिफोननेच हा बाजार गिळला. २००६ साली कोनिका मिनोल्टाने कॅमेऱ्याचा धंदाच सोडला आणि दुरुस्तीचे काम सोनीकडे सोपविले. घर फिरले की वासेही फिरतात. अशा स्थितीत प्रत्येक जुन्या नमुन्याचे भाग अनंत काळ साठवून ठेवा, असे म्हणणे अव्यवहार्य होईल.

परंतु येथेच विचाराची गल्लत होते. ‘मला यापुढे दुरुस्ती करणे परवडत नाही’ हे एक विधान. ‘इतर कोणासही ती करता येऊ नये’ हे अगदी निराळे विधान. पहिल्याच्या समर्थनार्थ दिलेली कारणे दुसऱ्यास लागू पडत नाहीत. वैद्याने आपला दवाखाना बंद करावा, त्यास कोणी अडविणार नाही. पण जाताना त्याने गावातील इतर वैद्यांस औषधे देऊ नका असे बजावले तर त्यास आपण काय म्हणू? निकॉन कंपनीने २०१२ साली अमेरिकेतील स्वतंत्र कारागिरांस सुटे भाग विकणे थांबविले, आणि २०२० सालच्या मार्चअखेर तेथील अधिकृत दुरुस्ती-दुकानांचा करारही संपुष्टात आणला. हे त्या वेळी चालू असलेल्या मालाच्या बाबतीत घडले. भाग संपल्यामुळे नव्हे. भागांखेरीज दुरुस्तीची माहितीपत्रके आणि नवा भाग बसविल्यावर त्याचा मेळ जुळविणारी संगणकीय आज्ञावलीही कंपनीपाशीच राहते. या दोन वस्तूंच्या साठ्यास गोदाम लागत नाही. तेव्हा परवडत नाही ही सबब येथे टिकत नाही.

हा प्रश्न केवळ श्रीमंत हौशी लोकांचा आहे अशी कोणाची समजूत असल्यास त्याने नंदुरबार जिल्ह्याकडे दृष्टी टाकावी. १९९८ साली धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा प्रदेश तापीपासून सातपुड्याच्या माथ्यापर्यंत पसरला आहे. शहादे, तळोदे, नवापूर यांसारख्या गावी शेतकऱ्याच्या पंपाची मोटर जळाली तर तिला नवे वेटोळे भरून देणारा कारागीर मिळतो. ती मोटर कोणत्या साली बनली हे तो विचारतही नाही. त्याच बाजारपेठेतील छायाचित्रकाराचा कॅमेरा बंद पडला तर मात्र त्यास सुरत, नाशिक किंवा मुंबई गाठावी लागते, आणि तेथे जाऊन ‘हा नमुना आता घेत नाही’ हे उत्तर ऐकावे लागते. पावसाळ्यातील दमटपणाने भिंगावर बुरशी धरणे, उन्हाळ्यातील धुळीने बटणे अडकणे, हे या हवेतील नित्याचे रोग आहेत. पडद्याची झीज तर ठरलेलीच. मध्यम दर्जाच्या कॅमेऱ्याचा पडदा दीड लाख उघडझापी सोसेल असे कारखानदारच सांगतो. एका लग्नात अडीच हजार चित्रे धरली तर साठ लग्नांत हा आकडा भरतो. म्हणजे पडदा ही बैलगाडीच्या धावेसारखी झिजणारी आणि बदलावयाची वस्तू आहे. धाव झिजली म्हणून कोणी गाडी मोडीत काढीत नाही. तशात लहान गावचा छायाचित्रकार बहुधा दुसऱ्याने वापरलेलाच कॅमेरा घेतो. मुंबईच्या मनुष्याने सहा वर्षे वापरून विकलेले यंत्र जेव्हा याच्या हाती येते, तेव्हा परिपत्रकाची घटका जवळ आलेली असते. सेवाबंदीचा खरा भार पहिल्या धन्यावर नव्हे, तर या दुसऱ्या-तिसऱ्यावर पडतो.

आणि यात केवळ एका मनुष्याच्या पोटाचा प्रश्न गुंतलेला नाही. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील जी ३३ गावे आली ती सर्व याच जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील आहेत. मणिबेलीपासून सुरू झालेली ही बुड २०१९ साली जलाशय १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीस पोहोचेपर्यंत चालली. त्या काठची घरे, शेते आणि देवस्थाने कशी होती हे यापुढे ज्यास पाहावयाचे त्यास वृद्धांच्या आठवणी आणि कोणीतरी वेळेवर काढलेली चित्रे यांवाचून दुसरे साधन नाही. काठीची होळी आजही पेटते, सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा आजही भरते, आणि बाहेरगावचे चित्रकार मोठमोठी भिंगे घेऊन तेथे उतरतात. दोन दिवसांनी परत जातात. वर्षातील उरलेले दिवस ज्यास तेथे राहावयाचे आहे, ज्यास भिली किंवा पावरी बोलता येते, आणि ज्याच्यासमोर माणसे अवघडत नाहीत, असा तेथलाच एखादा तरुण हातात चालता कॅमेरा धरून उभा असणे हे त्या प्रदेशाच्या इतिहासास किती मोलाचे आहे, हे निराळे सांगावयास नको. त्याचे यंत्र परिपत्रकाने निकामी ठरविले की त्या प्रदेशाकडे पाहण्याचा अधिकार पुन्हा पाहुण्यांकडे जातो.

‘मोबाईल आहे ना प्रत्येकाच्या हाती !’ असे यावर कोणी म्हणेल. मोबाईलची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाही. परंतु रात्रीच्या होळीच्या उजेडात नाचणाऱ्या माणसांचे चेहरे दुरून टिपणे हे अद्याप मोठ्या भिंगाचेच काम आहे. शिवाय हा युक्तिवाद आगीतून निघून फुफाट्यात पडण्यासारखा आहे. कारण मोबाईलला कारखानदाराचा आधार बहुधा कॅमेऱ्याहूनही लवकर सुटतो.

तेव्हा उपाय काय ? कॅलिफोर्निया संस्थानात २०२४ च्या जुलैपासून अमलात आलेल्या कायद्याने, शंभर डॉलर व त्यावरील किमतीच्या विद्युत्साधनांचे भाग, साधने आणि माहिती, त्या नमुन्याचे उत्पादन थांबल्यापासून सात वर्षे पुरविणे कारखानदारांवर बंधनकारक केले आहे. युरोपीय संघानेही २०२४ साली दुरुस्तीच्या हक्काचा निर्बंध संमत केला. परंतु ज्या वस्तूंची यादी त्याने दिली तीत कपडे धुण्याची यंत्रे आणि मोबाईल आहेत, कॅमेरे नाहीत. आपल्याकडे २०२२ सालच्या डिसेंबरात केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचे एक संकेतस्थळ उघडले. तेथे कंपन्या देतील ती माहिती एकत्र मिळते, ही सोय चांगली आहे; पण सोय म्हणजे हक्क नव्हे. सुटे भाग अमुक वर्षे ठेवा, असे बंधन तिच्यातून उत्पन्न होत नाही.

आमच्या मते मागणी तीन गोष्टींची असावी, आणि तिन्ही माफक आहेत. पहिली : यंत्र विकतानाच त्याची दुरुस्ती कोणत्या वर्षापर्यंत मिळेल हे किमतीशेजारी छापावे, म्हणजे घेणाऱ्यास आपण काय विकत घेत आहोत हे कळेल. दुसरी : विक्री चालू असेपर्यंत सुटे भाग कोणाही कारागिरास योग्य किमतीत मिळावेत. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची : ज्या दिवशी कंपनी दुरुस्तीतून हात काढून घेते त्याच दिवशी त्या नमुन्याची माहितीपत्रके, भागांची रेखाचित्रे आणि जुळवणीची आज्ञावली तिने सर्वांस खुली करावी. जे आपण करणार नाही ते दुसऱ्यास करू द्यावे, यात कारखानदाराचे नुकसान एवढेच की त्याचा नवा कॅमेरा कदाचित दोन वर्षे उशिरा खपेल.

बाबूराव पेंटरांच्या कॅमेऱ्याचा अभिमान आपण दर पिढीस नव्याने शिकवितो. तो अभिमान खरा असेल तर त्या कॅमेऱ्यामागची अट आपण विसरता कामा नये. बंद पेटीपुढे कितीही मोठा कारागीर हात जोडून उभा राहण्यापलीकडे काही करू शकत नाही. नवा कॅमेरा घडविणारे शहाण्णव कुळी कलावंत आपल्याकडे रोज निपजणार नाहीत. पण जुना दुरुस्त करणारे हात शहाद्यात आहेत, नंदुरबारात आहेत, प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. पेटी उघडण्याची किल्ली तेवढी त्यांस हवी आहे, आणि ती सध्या ज्याच्यापाशी आहे त्यास तिचा स्वतःला काडीचाही उपयोग उरलेला नाही.