ऑलमन ब्रदर्स बँड : ब्लूज, रॉक आणि संमिश्रणाचा प्रश्न

ऑलमन ब्रदर्स बँड या अमेरिकन वाद्यवृंदास ‘सदर्न रॉक’चा प्रवर्तक म्हटले जाते. हे बिरुद सोयीचे असले तरी दिशाभूल करणारे आहे. शैलीला प्रदेशाचे नाव दिले की तिच्या विश्लेषणाची निकड समीक्षेला वाटेनाशी होते.

१९६९ मध्ये ड्युएन ऑलमन याने फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे हा वृंद उभारला व लवकरच तो जॉर्जियातील मेकन येथे स्थिरावला. ड्युएन व डिकी बेट्स हे दोन गिटारवादक, ग्रेग ऑलमन गायक व ऑर्गनवादक, बेरी ओकली बासवादक, तर बुच ट्रक्स व जेमो हे दोन ड्रमवादक होते. जेमो हा कृष्णवर्णीय वादक सोल संगीतात तयार झालेला आणि जाझचा व्यासंगी होता. वंशभेदाचे कायदे रद्द होऊन काही वर्षेच लोटलेल्या दक्षिणेत असा वृंद एकत्र प्रवास करीत होता, ही बाब संगीतबाह्य मानता येणार नाही.

मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्क येथे ध्वनिमुद्रित झालेला ‘अ‍ॅट फिलमोर ईस्ट’ हा संग्रह या संमिश्रणाचे खरे स्वरूप उघड करतो. त्यातील पहिले गीत ब्लाइंड विली मॅक्टेल याचे, १९२८ मधील. ड्युएन औषधाची काचेची बाटली बोटात अडकवून गिटारवर मींडसदृश स्वर काढतो. ब्लूजची चौकट मात्र मोडत नाही. बेट्स याच्या ‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’ या शब्दविरहित रचनेत स्वरसंघांची घाई नाही. एकाच स्वरसप्तकात वादक दीर्घकाळ विहार करतात. येथे माइल्स डेव्हिसचा संस्कार स्पष्ट जाणवतो. ‘व्हिपिंग पोस्ट’चा आरंभ अकरा मात्रांच्या आवर्तनाने होतो. स्टुडिओत सुमारे पाच मिनिटांत आटोपलेली ही रचना येथे तेवीस मिनिटांपर्यंत विस्तारते. म्हणजेच हे शैलींचे थर एकावर एक रचणे नव्हे. ब्लूजच्या आशयाला जाझच्या विस्तारपद्धतीने वाढविणे होय.

ऑक्टोबर १९७१ मध्ये ड्युएनचा व नोव्हेंबर १९७२ मध्ये ओकलीचा मोटारसायकल अपघातांत अंत झाला. ड्युएनच्या जागी दुसरा गिटारवादक न घेता चक लेव्हेल या पियानोवादकास घेण्यात आले, हा निर्णय अर्थपूर्ण वाटतो. १९७३ मधील ‘ब्रदर्स अँड सिस्टर्स’ने अमाप लोकप्रियता मिळविली. कंट्री संगीताकडे झुकलेले ‘रॅम्बलिन मॅन’ अमेरिकन क्रमवारीत दुसऱ्या स्थानी पोहोचले, परंतु त्यात जोखीम उरलेली नाही. ‘जेसिका’ हा त्या संग्रहातील सन्माननीय अपवाद.

१९७६ मध्ये वृंद फुटला. मधल्या काळातील पुनर्मीलन फारसे फलद्रूप झाले नाही. १९८९ नंतर मात्र वॉरन हेन्स आणि पुढे सरोदवादनाचे संस्कार पचविलेला डेरेक ट्रक्स यांनी विस्ताराची जुनी वाट पुन्हा धरली. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये सुरू झालेली अखेरची मैफल मध्यरात्र उलटून ड्युएनच्या स्मृतिदिनात शिरली. तिचा शेवट मडी वॉटर्सच्या ‘ट्रबल नो मोअर’ या ब्लूज गीताने झाला.