शरणपुरातील पाहुणे

गुन्हेगाराने धंदा सोडून कोठेतरी निवांत राहावे असे ठरवावे आणि नेमके तेव्हाच त्याच्या निवांतपणाला ग्रहण लागावे, या कथाबीजावर पाश्चात्त्य चित्रपटसृष्टीत काळ्या विनोदाचे अनेक बोलपट निघाले आहेत. पाळकांनी व धर्मशिक्षकांनी त्यांकडे कशाला पाहावे, असे आमच्या काही वाचकांस वाटेल. आमचे म्हणणे असे की, हे कथाबीज मुळात चित्रपटवाल्यांचे नव्हेच. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइन भावाचा वध करून परमेश्वरासमोरून निघून जातो, नोद देशात वस्ती करतो, त्याला पुत्र होतो, आणि मग तो नगर बांधू लागतो. निवृत्त गुन्हेगाराला याहून अधिक काय हवे असते? अडचण एवढीच की, हाबेलाचे रक्त अद्याप जमिनीतच असते.

जोनाथन ग्लेझर यांचा २००० सालचा ‘सेक्सी बीस्ट’ हा चित्रपट (नाव वाचून कोणी पान उलटू नये) ही अडचण अगदी शब्दशः घेतो. गॅल नावाचा इंग्रज दरोडेखोर स्पेनमध्ये पत्नीसह सुखाने राहत आहे. घरापुढील पोहण्याच्या तलावाकाठी तो ऊन खात पडलेला असतो, तोच डोंगरावरून एक प्रचंड धोंडा घरंगळत येतो आणि त्याला चुकवून तलावात कोसळतो. त्यामागोमाग येतो डॉन लोगन. लंडनमधील एका दरोड्यासाठी त्याला गॅल हवा आहे, आणि नकार हा शब्द त्याला समजत नाही. ही भूमिका बेन किंग्जले यांची. १९८२ साली ज्यांना आपण गांधीजींच्या रूपात पाहिले, त्यांच्याच मुखातून हा शिव्यांचा वर्षाव ऐकताना भारतीय प्रेक्षक दचकतो. डॉन त्या घरातच मारला जातो. संशय येऊ नये म्हणून गॅल लंडनला जाऊन दरोडा घालून येतो. आणि शेवटी मित्रमंडळी पुन्हा त्या दुरुस्त केलेल्या तलावाकाठी बसतात. डॉन तलावाच्या तळाखाली आहे. गॅलला निवांतपणा मिळाला. त्याला शांती म्हणण्याचा आग्रह चित्रपट धरीत नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा.

मार्टिन मॅक्डोना यांचा २००८ सालचा ‘इन ब्रूज’ मात्र पुष्कळच खोल पाण्यात उतरतो. रे आणि केन हे दोन भाडोत्री मारेकरी. त्यांचा मालक हॅरी त्यांना लंडनहून बेल्जियममधील ब्रूज या मध्ययुगीन नगरात दडून राहण्यासाठी पाठवितो. दिवस नाताळचे आहेत. प्रौढ केन घंटाघर चढतो, कालवे पाहतो, पवित्र रक्ताच्या मंदिरात जाऊन त्या अवशेषास आदराने स्पर्श करतो. तरुण रे कंटाळलेल्या पोरासारखा त्याच्या मागून फरफटत असतो, आणि येथे आपण मोकळेपणाने हसतो. मग हे हसू कोठून कोठे आले ते कळते. रेच्या पहिल्याच कामगिरीत त्याने एका पाद्र्याला पापनिवेदनाच्या कोठडीत (गोव्यातील आमचे वाचक ज्याला कुमसार म्हणतात त्याच वेळी) गोळ्या घातल्या, आणि एक गोळी बाहेर आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेल्या लहान मुलाच्या डोक्यात शिरली. मुलाच्या हातात त्याच्या पापांची चिठ्ठी होती. त्यांपैकी एक पाप, गणित कच्चे असणे.

गणनाच्या पस्तिसाव्या अध्यायातील सहा शरणपुरे येथे आठवल्यावाचून राहत नाहीत. चुकून मनुष्यवध केलेल्याने तेथे पळून जावे. मंडळीने त्याचा न्याय करावा. निर्दोष ठरल्यास मुख्य याजकाच्या मृत्यूपर्यंत त्याने तेथेच राहावे, आणि सूड घेणाऱ्याने त्याला हात लावू नये. ब्रूज हे असे शरणपूर वाटते. पण ते सूड घेणाऱ्यानेच निवडलेले आहे. हॅरी सातव्या वर्षी तेथे आनंदात राहिला होता. मरण्यापूर्वी रेला काही सुंदर दिवस मिळावेत म्हणून त्याने हे नगर ठरविले, आणि त्याला मारण्याचे काम केनवर सोपविले. हॅरीपाशी धर्मशास्त्र आहे, त्यात क्षमेचे कलम तेवढे नाही. मुलाला मारणाऱ्याने जगू नये, हा नियम अखेरीस तो स्वतःलाही लावतो, तोही गैरसमजाने. आज्ञा पाळूनही मनुष्य कसा नष्ट होतो हे याहून विदारक रीतीने दाखविणे कठीण.

केन रेला मारण्यास बागेत जातो, तर रे स्वतःच्याच डोक्याला पिस्तूल लावून उभा असतो. मारेकरी धावून त्याला अडवितो. आम्हांस हे दृश्य संपूर्ण चित्रपटात श्रेष्ठ वाटते. हास्यास्पद आणि पवित्र यांत तेथे बोटभरही अंतर उरत नाही.

तथापि एक तक्रार आहे, आणि ती आमच्या वाचकांनी तरी मांडलीच पाहिजे. रे मुलासाठी रडतो. केन मुलाबद्दल बोलतो. हॅरी मुलासाठी मारतो व मरतो. पाद्र्यासाठी कोणीच रडत नाही. तो वध चुकून झालेला नव्हता; पैसे घेऊन, ठरवून केलेला होता, आणि शरणपुराचा कायदा अशा वधास आश्रय देत नाही. रेने आपल्या पापांपैकी जे असह्य तेवढेच पाप म्हणून निवडले. ही निवड आम्ही पडद्यावर प्रथम पाहिली असे नव्हे. आपल्यापुढे बसून एका गोष्टीसाठी मनापासून अश्रू ढाळणारा मनुष्य दुसरीचा उल्लेखही करीत नाही, आणि तो खोटे बोलत नसतो. अशा वेळी आपण त्या अश्रूंनाच पुरेसे मानून त्याला शांतीने जावयास सांगतो काय? जक्कयाने यरीहो सोडले नाही; ज्यांचे लुबाडले त्यांच्याच गावात उभे राहून त्याने हिशेब मांडला.

शेवटी गोळ्या लागलेला रे उचलून नेला जात असताना मनाशी म्हणतो की, जगलो तर त्या मुलाच्या घरी जाईन, आईपुढे उभा राहीन, ती देईल ती शिक्षा घेईन. दुसरे कोणते घर त्याला आठवत नाही. परंतु न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे: कोठडीतून धडपडत बाहेर आलेल्या पाद्र्याच्या तोंडी मरताना त्या लहान मुलाचाच उल्लेख येतो, आणि रेच्या अंगात हॅरीच्या गोळ्या शिरतात तेव्हा रेच्या तोंडूनही तेच शब्द निघतात. रेला याची जाणीव नाही. लेखकाला होती असे आम्ही समजतो.

चित्रपट प्रौढांसाठी आहे. भाषा इतकी शिवराळ आहे की, युवकांच्या मेळाव्यात तो दाखवू नये. पाळकांनी आपसांत पाहावा, आणि पाहून झाल्यावर लगेच उठून जाऊ नये.