तयार मॅक्रो असताना

लिनक्स कर्नलच्या कोडिंग-शैलीच्या दस्तऐवजात एक छोटे प्रकरण आहे: कर्नलचे मॅक्रो पुन्हा लिहू नका. तुम्ही ते वाचाच. आज्ञा बरोबर आहे. ती का पाळायची, हे मात्र त्यात जवळपास सांगितलेलेच नाही.

उदाहरण ॲरेच्या लांबीचे आहे. एकूण आकाराला एका घटकाच्या आकाराने भागले की झाले, मग ‘ॲरे_साइझ’ कशाला? बख्शी का तालाबच्या आमच्या प्रयोगशाळेत हा प्रश्न दरवर्षी येतो. तोच भागाकार फंक्शनच्या आत करून पाहा. १० इंटचा ॲरे तिथे पॉइंटर होऊन पोहोचतो. ६४-बिट यंत्रावर ८ भागिले ४, उत्तर २. कंपायलर फार तर इशारा देतो, प्रोग्राम तयार होतो आणि लूप ८ घटक गुपचूप सोडतो. कर्नलचा मॅक्रो दिलेल्या नावाचा प्रकार आणि पहिल्या घटकाच्या पत्त्याचा प्रकार ताडून पाहतो. दोन्ही जुळले, तर तो पॉइंटर. कंपायलेशन तिथेच थांबते.

‘मिन’बद्दल दस्तऐवज फक्त काटेकोर प्रकार-तपासणीचा उल्लेख करतो. तुमच्या घरगुती ‘मिन’ला आय++ द्या, आय दोनदा वाढू शकतो. कर्नलचा ‘मिन’ प्रत्येक मूल्य एकदाच काढतो. एवढे एक वाक्य तिथे हवे होते.

हे मॅक्रो जीसीसीच्या खास सोयींवर उभे आहेत, म्हणून साध्या सीमध्ये जसेच्या तसे चिकटवू नका. कर्नलमध्ये लिहिताना मात्र आधी ग्रेप चालवा. असे हाताने केलेले भागाकार शोधणारी कॉक्सिनेलची स्क्रिप्ट कर्नलच्या स्रोतातच आहे. म्हणजे ही चूक करणारे तुम्ही एकटे नाही.