निळ्या गिटारी कोणासाठी?

१९९०च्या दशकात न्यू जर्सीतल्या स्कॉट चिनरी नावाच्या गिटार-संग्राहकाने त्या काळच्या बाविसेक नामांकित कारागिरांना जवळपास एकच ऑर्डर दिली. आर्चटॉप गिटार हवी, अठरा इंच रुंद, आणि निळी. निळा रंगही सगळ्यांनी तोच वापरायचा, लाकडात मुरणारा. बाकी सगळं ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवायचं. या गिटारींचा संग्रह ‘ब्लू गिटार्स’ म्हणून ओळखला जातो. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात तो मांडला गेला, त्यावर देखणं पुस्तकही निघालं.

या संग्रहाबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक कौतुकाचं असतं. मलाही तो आवडतो. फोटो झूम करून बघण्यात माझ्या कित्येक रात्री गेल्या आहेत. पण रोज ऑफिसात दुसऱ्याने लिहिलेल्या रिक्वायरमेंट वाचून कोड लिहिणाऱ्या माणसाला ही ऑर्डर वाचताना एक गोष्ट खटकते. यात आकार आहे, रंग आहे, पण वापरणारा नाही.

आधी आर्चटॉप म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या गिटारचा वरचा पाट सपाट असतो आणि मधोमध गोल भोक असतं. आर्चटॉपचा पाट व्हायोलिनसारखा फुगीर असतो. चांगल्या हस्तनिर्मित आर्चटॉपमध्ये हा फुगवटा लाकूड वाकवून काढत नाहीत. स्प्रूसच्या जाड फळ्या जोडून त्यातून तो कोरून काढतात. मागचा पाट मेपलचा, तोही कोरलेला. वरचा पाट मध्ये साधारण सहा मिलिमीटर ठेवायचा आणि कडेकडे पातळ करत तीन-साडेतीनवर आणायचा. किती पातळ करायचं हे मोजपट्टी अर्धंच सांगते. उरलेलं कारागीर बोटाने टकटक करून, लाकूड वाकवून बघून ठरवतो, कारण एकाच झाडाच्या दोन फळ्याही सारख्या वागत नाहीत. गोल भोकाच्या जागी इंग्रजी ‘एफ’च्या वळणाची दोन भोकं असतात. ब्रिज चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबाने जागेवर बसतो.

हा सगळा खटाटोप आला आवाजाच्या गरजेतून. १९२०च्या दशकात गिब्सन कंपनीने ‘एल-फाइव्ह’ हे मॉडेल आणलं, तेव्हा नाचगाण्याच्या बँडमध्ये ब्रास आणि ड्रम्सच्या गदारोळात साधी गिटार ऐकूच येत नसे. फुगीर पाटाची गिटार त्यातून आरपार जाई. बँड मोठे होत गेले तशा गिटारीही रुंदावल्या. १९३४ साली गिब्सनने अठरा इंची ‘सुपर ४००’ काढली, तिच्या नावातला आकडा म्हणजे तिची डॉलरमधली किंमत. पुढे पाचच वर्षांत चार्ली ख्रिश्चन बेनी गुडमनच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार घेऊन बसला आणि आवाजासाठी रुंदी वाढवायची गरज संपत आली.

याच काळात न्यूयॉर्कच्या लिटल इटलीत, केनमेअर स्ट्रीटवर, जॉन डी’अँजेलिको आपल्या छोट्या दुकानात एकेका गिऱ्हाइकासाठी गिटार घडवत होता. १९३२ ते १९६४ या काळात त्याने क्रमांक घातलेल्या गिटारी भरतात ११६४. दुकानात येणारे बहुतेक वाजवून पोट भरणारे लोक होते. अशा माणसाची ऑर्डर कशी असते? मान किती जाड हवी, म्हणजे अंगठा मागून कुठवर पोचतो. तारा फ्रेटपासून किती उंच हव्यात, म्हणजे तो हलकं वाजवतो की जोर लावून. पाटाखालच्या पट्ट्या समांतर हव्यात की फुलीसारख्या, म्हणजे आवाज टोकदार हवा की उबदार. पिकअप पाटात भोक पाडून बसवायचा की वर तरंगता ठेवायचा, म्हणजे स्टेजवर वाजवणार की माइकसमोर. यातल्या प्रत्येक उत्तरामागे एक शरीर आहे, एक काम आहे. मिरजेच्या कारागिराकडे तंबोरा सांगायला गेलेल्या गायकाला पहिल्यांदा पट्टी विचारतात, तसंच हे.

डी’अँजेलिकोची सगळ्यांत विचित्र गिटारही अशाच गरजेतून आली. १९५७ साली पीटर जिरार्डी या वादकासाठी त्याने एक गिटार केली, जिच्या खालच्या अंगाला एका बाजूने टोक काढलेलं आहे. आज ती ‘टिअरड्रॉप’ म्हणून प्रसिद्ध आहे. वादकाला स्टेजवर उठून दिसायचं होतं. हट्ट म्हणा हवं तर, पण तो वाजवणाऱ्याचा हट्ट होता.

डी’अँजेलिको गेला तेव्हा त्याच्या हाताखाली शिकलेला जिमी डी’अक्विस्टो विशीत होता. अर्धवट राहिलेल्या गिटारी त्याने पूर्ण केल्या आणि गुरूचं काम पुढे चालवलं. त्याच्या कारकिर्दीकडे मी गिऱ्हाइकांच्या बाजूने बघतो. सुरुवातीची कितीतरी वर्षं त्याच्याकडून गुरूसारख्याच गिटारी मागितल्या गेल्या : सोनेरी धातू, शिंपल्याचं जडावकाम, पायऱ्यापायऱ्यांचं आर्ट डेको. तो स्वतः मात्र हळूहळू यातलं एकेक काढून टाकत होता. धातूच्या टेलपीसच्या जागी एबनी लाकूड आलं, जडावकाम गेलं, एफ-होलचं वळण साधं आणि मोठं झालं. शेवटच्या वर्षांतली ‘सोलो’, ‘अव्हाँ गार्ड’, ‘सेंच्युरा’ ही मॉडेल्स बघितली की गुरू आणि शिष्य एका दुकानातले होते यावर विश्वास बसत नाही.

चिनरीचं महत्त्व इथे आहे. डी’अक्विस्टोने त्याच्यासाठी ‘सेंच्युरा डिलक्स’ केली ती निळ्या रंगात. आर्चटॉप म्हणजे तपकिरी-पिवळी सनबर्स्ट, फार तर लाकडाच्या मूळ रंगाची, असा रिवाज असताना हा निळा म्हणजे जाहीर बंड होतं. १९९५ साली एकोणसाठाव्या वर्षी डी’अक्विस्टो गेला. गुरूही एकोणसाठाव्या वर्षीच गेला होता. ‘ब्लू गिटार्स’ हा संग्रह त्या निळ्या सेंच्युरापासून सुरू होतो आणि तिच्या कर्त्याला वाहिलेली ती आदरांजलीही आहे.

संग्रह नीट बघितला तर पहिला धडा असा मिळतो की एकच स्पेसिफिकेशन दिलं तरी एकसारखी वस्तू तयार होत नाही. रंगसुद्धा एक राहत नाही. कुठे तो आभाळी दिसतो, कुठे शाईसारखा, कारण खालचं लाकूड आणि वरचं पॉलिश वेगळं. बॉब बेनेडेट्टोची ‘ला क्रेमोना अझुरा’ व्हायोलिनच्या घराण्याशी नातं सांगते. तिच्यात दागिना शोधून सापडत नाही, सगळं लक्ष रेषेवर आहे. जॉन मॉन्टेलिओनीची ‘रॉकेट कन्व्हर्टिबल’ उलट्या टोकाची. तिच्या बाजूच्या पट्टीलाच भोकं आहेत, जेणेकरून आवाज समोर बसलेल्यांइतकाच वाजवणाऱ्याच्या कानापर्यंत यावा. लिंडा मान्झर तर डी’अक्विस्टोकडेच शिकलेली, पण तिची गिटार गुरूची नक्कल करत नाही.

मॉन्टेलिओनीच्या त्या भोकांवर मी थोडा वेळ थांबतो, कारण माझ्या मते अख्ख्या संग्रहात सर्वांत जास्त विचार त्यात आहे. ऑर्डर देताना वादक कोण हे सांगितलेलंच नव्हतं, म्हणून कारागिराने स्वतःच एक वादक मनाशी धरला आणि त्याला काय ऐकू येतं याची काळजी घेतली. रिक्वायरमेंटमध्ये राहून गेलेला युजर त्याने परत आणला.

आता खटकणाऱ्या गोष्टी. अठरा इंच कशासाठी? ही रुंदी बिगबँडच्या जमान्यातली. १९९५च्या वादकाकडे अँप्लिफायर आहे. तो सोळा किंवा सतरा इंची गिटार घेऊन आरामात बसतो, अठरा इंचीला उजवा हात वरून घालताना खांदा वर उचलावा लागतो. म्हणजे रंगाने बंड केलं आणि मापाने जुन्या वैभवाची आठवण काढली. दुसरं, मान कोणाच्या हाताच्या मापाने करायची? ज्या गोष्टीवर वादक आणि कारागीर सर्वांत जास्त बोलतात, त्यावर इथे बोलायला समोर हातच नव्हता. चिनरीने पुढे जिरार्डीची टिअरड्रॉप विकत घेतली आणि डी’अक्विस्टोकडून तशीच दुसरी करून घेतली. आकार तोच आहे. पहिल्या गिटारचं टोक स्टेजवरच्या माणसासाठी होतं, दुसरीचं टोक पहिल्या गिटारसाठी आहे.

चिनरीच्या बाजूनेही बोललं पाहिजे. वाजवून पोट भरणारा माणूस वर्षभराची कमाई एका गिटारीत घालतो, तेव्हा त्याला धोका परवडत नाही. तो ओळखीचंच मागतो. डी’अक्विस्टोला इतकी वर्षं गुरूच्या सावलीत ठेवलं ते अशाच प्रामाणिक, गरजू गिऱ्हाइकांनी. ‘तुला हवं ते कर’ असं म्हणायला असा माणूस लागतो ज्याचं ती गिटार फसली तरी काही बिघडत नाही. शिवाय चिनरीने आपल्या गिटारी कुलपातच ठेवल्या असंही नाही. त्याच्या संग्रहातली वाद्यं घेऊन मार्टिन टेलर आणि स्टीव्ह हाऊ यांनी ‘मास्टरपीस गिटार्स’ हा अल्बम केला, तो २००२ साली आला. तोवर चिनरी हयात नव्हता, २०००मध्ये चाळिशीतच तो गेला.

तरीही मला दुसरी एक अठरा इंची आर्चटॉप या सगळ्यांच्या शेजारी ठेवून बघावीशी वाटते. जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा हे उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा १९६७चा अल्बम आपल्यापैकी अनेकांनी आईबाबांच्या कॅसेटवर ऐकलाय, त्यात संतूर आणि बासरीबरोबर गिटार आहे ती त्यांची. काबरांनी हिंदुस्थानी संगीतासाठी गिब्सनची ‘सुपर ४००’ घेतली, म्हणजे ब्रास सेक्शनशी झुंजायला काढलेलं तेच जुनं मॉडेल. ती त्यांनी आडवी ठेवली, वरच्या टोकाचा नट उंच करून तारा फ्रेटपासून वर उचलल्या, षड्ज धरून ठेवणारी तार जोडली आणि पोलादी दांडीने मींड काढली. ज्या फ्रेटबोर्डवर कारखान्यात तासन्‌तास खर्ची पडले असतील, त्याची गरजच संपली. पुढे विश्वमोहन भट्ट यांनीही आर्चटॉपलाच हात घातला आणि तरफा जोडून मोहनवीणा केली.

काबरांच्या गिटारची कुणी ऑर्डर दिली नव्हती. ती शेल्फवरची वस्तू होती आणि घडवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आलाप नव्हताच. पण त्यांना नेमकं काय वाजवायचंय हे पक्कं ठाऊक होतं, आणि बाकीचे सगळे बदल त्यातून आले. चिनरीकडे उलट होतं. जगातले उत्तम हात होते, पैसा होता, धीर होता, फक्त वाजवायचं काय ते कुणी सांगितलेलं नव्हतं. म्हणूनच मला त्या निळ्या गिटारी एकमेकींशी बोलताना दिसतात. कुणाची रेष जास्त धीट, कुणाचा टेलपीस जास्त हलका. कारागिरांची ही आपसांतली मैफल ऐकण्यासारखी आहे, पण श्रोत्यांच्या खुर्चीत कारागीरच बसलेत.

आपल्या पिढीतले काही जण आता पगार साठवून गोव्यात, बंगळुरूत किंवा परदेशात एखाद्या लूथिअरकडे स्वतःची गिटार घडवून घ्यायचा विचार करतात. मीही त्यातलाच. माझ्या फाइलमध्ये लाकडांची नावं, रंगांचे स्क्रीनशॉट, हार्डवेअरच्या लिंका असं बरंच जमलंय. या संग्रहावर इतका वेळ घालवल्यावर त्या फाइलच्या सगळ्यात वर मी एक रिकामी ओळ ठेवली आहे : या गिटारवर पहिल्या वर्षी कोणत्या तीन चीजा वाजवणार? ती ओळ भरल्याशिवाय आगाऊ पैसे पाठवायचे नाहीत. रंगाचा कॉलम तोवर तसाच राहील, आणि हो, त्यात सध्या निळाच लिहिलेला आहे.