इरावती कर्वे यांचे ललितलेखन : परकेपण आणि नाते

इरावती कर्वे (१९०५-१९७०) यांच्या ललितलेखनाचा विचार करताना त्यांचे मानववंशशास्त्र सहसा बाजूला ठेवले जाते. ही विभागणी टिकणारी नाही. ब्रह्मदेशातील मिंजान येथे जन्म, सातव्या वर्षी पुण्याच्या हुजूरपागेत रवानगी, पुढे बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट. आपल्या माणसांकडे दुरून पाहण्याची सवय त्यांना फार लवकर लागली असावी.

बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर त्यांचे मार्गदर्शक होते. कवटीच्या दोन बाजूंमधील असमानता वंशानुसार बदलते, हे त्यांचे गृहीतक. मोजमापांतून ते सिद्ध झाले नाही, आणि या परदेशी विद्यार्थिनीने तसेच नोंदविले. (भारतात परतल्यावरही त्यांनी मानवमिती सोडली नाही, ही विसंगती अभ्यासकांनी टाळू नये.)

‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहाच्या शीर्षकलेखात सभेतील परिचय सून, पत्नी अशा नात्यांनी होतो. तरीही काही उणे राहते. रस्त्यावरची मुले वर्गातल्या कर्व्यांची आई म्हणून ओळखतात, तेव्हा ते भरून निघते. हा लेख मातृत्वाचा गौरव म्हणून वाचला जातो. ते वाचन अपुरे आहे. नात्यांवरून ओळख ठरविणाऱ्या समाजाचे निरीक्षण येथे लेखिका स्वतःवरच करते, आणि त्या ओळखीने सुखावतेही. ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (१९५३) या ग्रंथात हीच नाती प्रदेशवार मांडली आहेत. तेथे मात्र ‘मी’ नाही. ‘युगान्त’मधील (१९६७) कुंती व गांधारी वाचताना हा वगळलेला ‘मी’ पुन्हा जाणवू लागतो.