गोलपिठ्याची बोली

नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' १९७२ सालीं निघाला. त्यास अर्धशतक उलटलें, तरी अश्लीलतेचा आक्षेप सुटत नाहीं. आम्हांस तो मान्य नाहीं. कामाठीपुऱ्यांतील वेश्या, दलाल व भिकारी यांची बोली कवीनें शोभेसाठीं उसनी आणलेली नाहीं. त्याचें बालपणच त्या वस्तींत गेलें. प्रस्तावनाकार विजय तेंडुलकर यांनाही कित्येक शब्दांचे अर्थ त्याच्याकडूनच समजून घ्यावे लागले. मग आमच्या ताडकळसचा वाचक अडखळल्यास नवल काय! परंतु अडखळणें निराळें, नाक मुरडणें निराळें. खरा दोष दुसराच आहे: क्वचित् शिव्यांची रास इतकी दाटते कीं, तिच्याखालची करुणा ऐकूं येईनाशी होते. तरीही त्यांतील एकही शब्द गाळूं नये, असें आमचें मत आहे.